मावशीचे ग्लास आणि सासऱ्यांची नोकरी

मावशीचा फोन शनिवारी सकाळी आला. "आज येतेस का गं? माझ्या काचा घेऊन जा."

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. मुंबईत एका परदेशी कंपनीत ती स्टेनो होती, निवृत्त होऊनही आता वीसेक वर्षं झाली असतील. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट. ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि मावशी दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत राहायला चालली होती. लोखंडी कपाट, शिलाई मशीन, पुस्तकं, सगळ्याची काही ना काही सोय लागली. राहिल्या त्या काचा.

त्या मी लहानपणापासून तिच्या शोकेसमध्ये पाहिलेल्या. उंच दांडीचे सहा ग्लास, कडेला दाते असलेलं एक मोठं जड बोल आणि काचेचंच बूच लावलेली एक चौकोनी सुरई. सगळ्यांवर बारीक पैलू कोरलेले. मावशीचे साहेब कुटुंबासकट कायमचे आपल्या देशी परत निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोने हा खोका मावशीच्या टेबलावर आणून ठेवला होता. बाईच्या आजीच्या वेळचं सामान. ते पुन्हा समुद्रापार न्यायचा तिला धीर झाला नाही. मावशीने ते घरी आणून शोकेसमध्ये मांडलं आणि कधीही वापरलं नाही. आम्ही भावंडं शोकेसला नाक लावून बघत बसायचो आणि मावशी स्वयंपाकघरातून ओरडायची, "बघायचं, पण काचेवर श्वास सोडायचा नाही!"

मी दुपारी पोचले तेव्हा तिने आपल्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे करून ठेवले होते. वर्तमानपत्र नको म्हणाली, शाई लागते. एकेक ग्लास तिने स्वतः गुंडाळला. शेवटी सुरई माझ्या हातात देताना म्हणाली, "हिचं बूच उघडत नाही. शोचीच आहे ती. ओढत बसू नकोस."

"मावशी, नव्या घरात शोकेस होईल की परत. तोवर सांभाळते मी."

"तोवर बितोवर काही नाही. मी ऐंशीला टेकले. तुला दिल्या म्हणजे दिल्या."

डोंबिवलीहून बाळकुमला आमच्या घरापर्यंत खोका मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले. प्रत्येक खड्ड्याला मी "हळू, हळू" म्हणत होते. शेवटी ड्रायव्हरने विचारलं, "काय आहे काकू, अंडी?" मी म्हटलं, "अंडी असती तर फुटल्यावर ऑम्लेट तरी केलं असतं." त्यानंतर मात्र तो बिचारा स्पीडब्रेकरवरून अक्षरशः पावलापावलाने गाडी नेत होता.

घरी आम्ही तिघं. नवरा, मी आणि माझे सासरे. सासूबाई गेल्यावर बाबा मानपाड्याची खोली बंद करून आमच्याकडे राहायला आले, त्याला दोन वर्षं होत आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. नुकतंच दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे काळा चष्मा लावून बाल्कनीत बसायचे. आमच्यात भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही बेताचं. चहा झाला का, औषध घेतलं का, एवढंच. मी दिवसभर ठाण्याला कॉलेजच्या ऑफिसात. संध्याकाळी घरी आले की ते बातम्या बघत असायचे.

त्या संध्याकाळी खोका उघडला आणि माझी निराशाच झाली. आठवणीतल्या काचा लखलखत होत्या. प्रत्यक्षात सगळ्या भुरकट, दुधाचा हात लागल्यासारख्या दिसत होत्या. मला वाटलं, इतक्या वर्षांची धूळ आहे, धुतलं की निघेल. गीझरचं कढत पाणी सोडलं, भांड्यांचं लिक्विड घेतलं, आणि पहिला ग्लास नळाखाली धरला.

टिच् असा एवढासा आवाज झाला. वरच्या काठापासून दांडीपर्यंत सरळ तडा गेला आणि ग्लासचा अर्धा भाग माझ्या हातात राहिला. टॅक्सीतल्या एसीत दीड तास गार झालेली काच मी थेट कढत पाण्याखाली धरली होती, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मावशीने एवढी वर्षं सांभाळलेली वस्तू माझ्या घरात तासभरही टिकली नाही. नवरा आवाज ऐकून आला. त्याने तुकडे उचलले, जाड कागदात बांधले, वर पेनने 'काच आहे' असं लिहिलं आणि सुक्या कचऱ्यात ठेवले. "हात कापला नाही ना? मग ठीक आहे. पाच आहेत अजून," तो म्हणाला.

"मावशीला काय सांगू?"

"ती विचारेल तेव्हा बघू."

बाकीचे पाच मी कोमट पाण्यात, जीव मुठीत धरून धुतले आणि ताटाळ्यात उपडे ठेवले. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये उन्हाळ्यात बोअरिंगचं पाणी मिसळतात. सकाळी बघते तर आधीच्या भुरकटपणावर पांढरे ठिपकेही उठलेले.

त्याच रविवारी सकाळी बाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि ताटाळ्यापाशी थांबले. काळा चष्मा काढून त्यांनी एक ग्लास उचलला. वरून नाही, खालून नाही, पोटाला तळवा लावून. बाल्कनीत नेऊन उजेडाकडे धरला, हळूहळू फिरवला.

"कशाने धुतलंस?"

"लिक्विडने, बाबा. नळाखाली."

"आणि फुटला तो?"

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. मी मान खाली घातली. ते रागावले नव्हते. "काच अशी धुवत नाहीत गं," एवढंच म्हणाले. मग, "मी लॅबमध्ये काय करायचो, ठाऊक आहे का तुला?"

"लॅबमध्ये होतात ना तुम्ही. रंगांच्या कंपनीत."

"काचा धुवायचो. एकतीस वर्षं."

आमचं लग्न ठरताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे कंपनीत लॅबमध्ये असतात." माझ्या माहेरच्यांनी परस्पर समजून घेतलं की ते केमिस्ट असणार. कुणी खोटं बोललं नव्हतं आणि कुणी पुढे विचारलंही नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात मीही नाही.

"मोठी माणसं तपासणी करायची," ते सांगत होते. "पण बाटलीला आदल्या दिवशीचं कणभर काही राहिलं असलं, तर त्यांची सगळी तपासणी फुकट. मग पहिली हाक मला. म्हणून मी एकही हाक येऊ द्यायची नाही, असं ठरवलेलं." मग ग्लास माझ्या हातात देत म्हणाले, "तुझी हरकत नसेल तर मी सांगतो तसं करू या. पण घाई चालणार नाही."

मी म्हटलं, "आज रविवारच आहे. कसली घाई?"

त्यांनी मला तीन गोष्टी आणायला पाठवलं. वाण्याकडून पांढरं व्हिनेगर, मेडिकलमधून लहान बाळांचा मऊ टूथब्रश, आणि बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा सीलबंद कॅन. दुकानदाराने विचारलं, "कुठला इन्व्हर्टर आहे?" मी म्हटलं, "ग्लास धुवायचेत." त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कॅन दिला.

मी परत आले तोवर बाबांनी सिंकमधली सगळी भांडी काढून ओटा मोकळा केला होता. लांब बाह्यांचा शर्ट काढून बनियनवर आले होते. प्लास्टिकच्या टबात तळाला जाड टॉवेल अंथरला होता. "स्टीलच्या सिंकमध्ये नाही. आणि नळाच्या तोंडापासून लांब. निम्म्या काचा नळाला आपटून जातात," ते म्हणाले. मग माझ्या हाताकडे बघून, "अंगठी आणि बांगड्या काढून ठेव."

मी बांगड्या काढल्या. कोमट पाणी आणि व्हिनेगर टबात घातलं. एका वेळी एकच ग्लास, दुसरा जवळही आणायचा नाही. अर्धा तास नुसता बुडवून ठेवायचा. त्या अर्ध्या तासात आम्ही स्वयंपाकघरातल्या दोन स्टुलांवर बसून राहिलो. मला त्यांच्याजवळ असं काही न करता बसायची सवय नव्हती. त्यांनीच विषय काढला. त्यांच्या लॅबमध्ये म्हणे एक नारिंगी अॅसिड असायचं, कसलाही डाग खायचं, पण एक थेंब कपड्यावर पडला की भोक. सासूबाई त्यांच्या शर्टांना रफू करून करून थकलेल्या. "ती म्हणायची, तुमच्या कंपनीचा अर्धा पगार मला द्यायला हवा." हे सांगताना ते हसले. सासूबाई गेल्यावर त्यांच्याबद्दल बोलताना बाबांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

अर्ध्या तासाने ब्रशने पैलूंच्या खाचा साफ केल्या. जोर नाही लावायचा, दाढीला फेस करताना फिरवतो तसा ब्रश फिरवायचा. माझा हात ते नुसते बघत होते. घासताना मी ग्लासचं बूड एका हाताने धरलं आणि वरचा भाग दुसऱ्या हाताने फिरवायला लागले, तशी त्यांनी पटकन माझं मनगट धरलं. "पिळू नकोस! तिथेच मोडतात. जो भाग साफ करायचा, तोच भाग धरायचा."

शेवटचं पाणी डिस्टिल्डचं. तेव्हा त्यांनी मला आपली परीक्षा दाखवली. ग्लासवर वरून पाणी ओतलं आणि उजेडाकडे धरला. "बघ. पाणी एकसंध, पडद्यासारखं खाली उतरायला हवं. कुठे थेंब अडकला, पडदा फाटला, की तिथे तेलकटपणा आहे. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतो."

काठाजवळ चार थेंब अडकलेले होते.

"परत," बाबा म्हणाले.

तीनदा धुतला तो ग्लास. तिसऱ्यांदा पाणी कुठेही न तुटता सरळ खाली गेलं. मग त्यांनी आपल्या बॅगेतून सासूबाईंची एक जुनी पांढरी सुती साडी आणली. मला वाटलं होतं, त्यांच्या सगळ्या साड्या आम्ही नणंदेकडे पाठवल्या. "नवा टॉवेल धागे सोडतो," एवढंच बोलून त्यांनी साडीच्या पदराकडचा भाग कापायला माझ्याकडे दिला. मी विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "कामाला आलेलं तिला आवडायचं."

पुसलेला ग्लास त्यांनी नखाने हलकेच टिचकवला. देवघरातली छोटी घंटा वाजावी तसा आवाज आला आणि बराच वेळ राहिला. "ह्या काचेत शिसं असतं. म्हणून एवढी जड, आणि म्हणून अशी वाजते." मी तो खिडकीत धरला. भुरकटपणा पार गेला होता. पैलूंमधून पलीकडची बिल्डिंग शंभर तुकड्यांत दिसत होती.

त्या दिवशी आम्ही दोन ग्लास आणि ते मोठं बोल केलं. उरलेले पुढच्या रविवारी. त्यातला एक काही केल्या स्वच्छ होईना. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला तरी तसाच. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. "हा मळ नाही. ही काचच झिजलीय, कधीतरी सोड्याने घासली असणार. आता आपण ह्याला त्रास द्यायचा नाही." मला वाईट वाटलं, त्यांना मुळीच नाही. काय निघतं आणि काय निघत नाही, हे त्यांना एकदा कळलं की ते पुढच्या कामाला लागायचे.

पुढचं काम सुरईचं. मी सांगितलं की मावशी म्हणते, हिचं बूच उघडतच नाही. बाबांनी सुरई उचलून डोळ्याजवळ नेली. "उघडत नाही असं बूच कुणी कशाला बनवेल?" त्यांनी बुचाच्या कडेने गोडेतेलाचे दोन थेंब सोडले आणि सुरई दोन दिवस कपाटात ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा ते माझीच वाट बघत होते. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं सुरईच्या मानेभोवती गुंडाळलं, लाकडी कालथ्याच्या दांड्याने बुचाला एकदा इकडून, एकदा तिकडून, अगदी हळू टकटक केली. मी श्वास रोखून बघत होते. बऱ्याच वेळाने ते बूच किंचित फिरलं आणि मग अलगद वर आलं.

आत तळाला तपकिरी वर्तुळ सुकलेलं होतं. बाबांनी वास घेतला. आयुष्यात दारूला स्पर्श न केलेला हा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेबाची आहे!" आम्ही दोघंही इतके हसलो की नवरा बाहेरून विचारत आला, काय झालं. मूठभर कच्चे तांदूळ आणि व्हिनेगर आत घालून बाबांनी सुरई हातात गोल गोल घुमवली. तासाभरात साहेबाची शेवटची निशाणीही गेली.

महिन्याभराने मावशीला रविवारी जेवायला बोलावलं. नवरा जाऊन घेऊन आला. फुटलेल्या ग्लासचं ओझं मला सहन होत नव्हतं, म्हणून ती चपला काढत होती तेव्हाच सांगून टाकलं. "मावशी, एक फुटला. आणला त्याच दिवशी. माझ्या चुकीने."

मावशी सोफ्यावर बसली. "मी एवढ्या वर्षांत एक नाही फोडला," ती म्हणाली. खरोखर रागावली होती. नवऱ्याने पंखा वाढवला. मग तिने विचारलं, "कसा फुटला?" मी गरम पाण्याचं सांगितलं. "हं," ती म्हणाली. "मी कधी गरम पाणी लावलंच नाही. मी धुतलेच नाहीत म्हण ना. फडक्याने पुसायचे, आणि एकदा एक सोड्याने घासला होता, तेव्हापासून हात लावायची भीती वाटायची."

मी बाबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते.

मग मावशी जेवायच्या टेबलाशी आली आणि तिथेच थांबली. पाचही ग्लास मांडलेले, मधे सुरई, तिच्यात मी नुकतंच ओतलेलं कोकम सरबत. बूच शेजारी बशीत काढून ठेवलेलं. मावशीने चष्मा सारखा केला, वाकली, बुचाला बोट लावून बघितलं.

"हे उघडलं कुणी?"

"मी उघडलं, ताई," बाबा म्हणाले.

"कसं?"

बाबांनी सांगितलं. तेल, फडकं, टकटक, सगळं क्रमाने. मावशी मधे मधे प्रश्न विचारत होती आणि मला पहिल्यांदाच लक्षात आलं की हे दोघं माझ्या लग्नात भेटल्यापासून कधी चार वाक्यंही एकमेकांशी बोलले नव्हते. मावशीने विचारलं, "तुम्ही हे शिकलात कुठे?" आणि बाबांनी, माझ्याकडे न बघता, सरळ सांगितलं, "माझी नोकरीच ती होती. लॅबच्या काचा धुवायच्या. एक थेंब चिकटलेला दिसला की सगळं परत."

मावशी खुर्ची ओढून बसली. "आमच्याकडेही तसंच. साहेबांना खाडाखोड चालायची नाही. पानाच्या शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं तरी पान काढायचं आणि पहिल्यापासून टाइप करायचं."

"मग चुका कमी होतात," बाबा म्हणाले.

"होतातच!" मावशी म्हणाली.

पानं वाढली. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मावशीला आवडतात म्हणून अळूवड्या. मी ग्लासांत सरबत ओतलं. मावशी म्हणाली, "एवढं छान दिसतंय, तर सुरईतच भरून ठेवत जा की फ्रिजमध्ये." बाबांनी हात आडवा केला. "नाही, ताई. शिसं आहे. ओतून लगेच प्यायला चालतं, त्यात साठवायचं नाही. आंबट तर नाहीच."

पण बाबांनी स्वतःचा ग्लास उचलला नव्हता. त्यांच्यापुढे नेहमीचं स्टीलचं भांडं त्यांनी आणून ठेवलं होतं. मी विचारलं, तसे ते थोडे ओशाळले. "एकतीस वर्षांची सवय. लॅबच्या काचेतून प्यायची कुणाची हिंमत होती? मेला असता माणूस."

"ही लॅब नाही," मावशी म्हणाली आणि तिने ग्लास त्यांच्या पुढ्यात सरकवला. बाबांनी तो उचलला, उजेडात एकदा फिरवून तपासला, आणि एक घोट घेतला. मग दुसरा. "बरं लागतं," म्हणाले. झिजलेला, धुरकट राहिलेला ग्लास मावशीने स्वतःहून आपल्याकडे घेतला होता. तो तसा का आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर मी टेबल आवरायला उठले, तर बाबा म्हणाले, "तू बस. हे आम्ही करतो." मावशी आधीच पदर खोचून आपल्या हातातलं घड्याळ काढत होती. टब, टॉवेल, कोमट पाणी. मला आतून त्यांचे आवाज येत होते. "किती वेळ बुडवायचं?" "अजून पाच मिनिटं थांबा, ताई." "पुसू का?" "बूड धरू नका, पोट धरा." मग मावशीचं जरा मोठ्याने, "अहो, मी काही लहान मूल नाही!" आणि बाबांचं हसणं.

मी हॉलमध्ये गादीवर आडवी झाले. रविवारी दुपारी कुणी आपल्याला उठ म्हणणार नाही, हे सुख मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. झोप कधी लागली कळलं नाही. जागी झाले तेव्हा चार वाजून गेले होते. ओट्यावर साडीच्या फडक्यावर ग्लास एकमेकांपासून चार बोटं अंतरावर उभे होते. बाल्कनीत दोघांचा चहा चालला होता, आणि मावशी बाबांना विचारत होती, नव्या बिल्डिंगमध्ये शोकेस कुठल्या भिंतीला लावू ते सांगा.

"काचा तर आम्हाला दिल्यात ना?" मी दारातून विचारलं.

"दिल्या म्हणजे दिल्या," ती म्हणाली. "पुस्तकांसाठी विचारतेय. तू चहा घे आधी."